सुपरवायझर महिनाभर गप्प आहे, मॅनेजरने कसं बोलावं?

कॅनिंगवाला (रत्नागिरी)
आंबा पल्पच्या फॅक्टरीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. हंगाम ऐन भरात, पाऊस लागायच्या आत माल उरकायचाय. रात्रपाळीचा सुपरवायझर एरवी बोलघेवडा, पण महिनाभर गप्पगप्प आहे. जेवणाचा डबा तसाच परत नेतो, रिटॉर्टच्या (पल्पचे भरलेले डबे वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) नोंदी चुकतात, काल एका पोराच्या अंगावर धावून गेला. विचारलं तर "काय नाय, झोप नाय." मालक म्हणतात, सुट्टी देऊन घरी धाड. डॉक्टरचं नाव काढावं, तर मनोरुग्णालय आमच्याच शहरात आणि त्यावरून थट्टा रोजचीच. काय करू?

सह्यकडा
आमच्याकडे एचआरने योगाचा तास सुरू केलाय. बघा करून.

काजूवाली (वेंगुर्ला)
रात्रपाळीवाल्याने योग कधी करायचा, झोपायच्या वेळेत?

माझं काजूचं छोटं युनिट आहे. सोलणीच्या बायकांना किलोवर मजुरी. मन बिघडलं की आधी हात मंदावतो, म्हणजे मजुरीच घटते, म्हणून कोण तोंड उघडत नाही. नवरा गेल्यावर एकीचं असंच झालं. तिला काही दिवस रोजावर प्रतवारीला बसवलं. पैशाचा घोर मिटला तेव्हा कुठे ती बोलायला लागली.

तुम्ही आधी त्याची रात्रपाळी काढा. जागरण थांबल्याशिवाय दुखणं किती आणि थकवा किती, ते कळायचं नाही. पगार आणि हुद्दा तोच ठेवा, नाहीतर त्याला ती शिक्षा वाटेल. रिटॉर्टला जोडीला माणूस द्या, तिथली चूक डब्यात जाते.

मग बोला, पण केबिनमध्ये नको, बाहेर चहाला न्या. "तुला झालंय काय?" नको. "डबा तसाच जातोय, नोंदी चुकतायत, कामातलं काय हलकं करू?" असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायच्या आत सल्ले सुरू करायची आपल्याकडे भारी खोड!

डॉक्टरकी तुम्ही करू नका. टेलिमानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर द्या. २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि दवाखान्याच्या रांगेत कोणी बघायचा प्रश्न नाही. जगण्यात राम नाही असं काही बोलला तर जीव द्यायचे विचार येतात का, ते सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरच्यांना घेऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

आणि ती थट्टा. तुम्ही हसायचं सोडलंत तर निम्मी बंद होईल.

कॅनिंगवाला
पाळीचं आजच बघतो. पण सुट्टीचं काय?

काजूवाली
त्याने मागितली तर द्या. ऐन हंगामात तुम्हीच धाडलात तर ओव्हरटाइम बुडेल, वर गावभर होईल की कामावरून काढला.

निवृत्त शाखाधिकारी (चिपळूण)
एक भर घालतो. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल तर कागद काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपनीला मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. आणि तो सांगेल ते मालकांपर्यंत नेऊ नका. "पाळी बदलली" एवढंच कळवा. मालकांनी खोदून विचारलं तर त्याला विचारल्याशिवाय एक शब्द नाही.