तेलाच्या मागं लागण्याआधी चहा आणि रात्रीचं जेवण बघा
वर एकांनी लिहिलंय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ (लिव्हरमध्ये चरबी साठण्याचा सुरुवातीचा टप्पा) निघालं म्हणून तेल-तूप पूर्ण बंद केलं, बाकी खाणं तेच. तेलाला एवढं धारेवर धरू नका. लिव्हरमधली चरबी नुसती ताटातल्या तेलातून येत नाही. जास्तीची साखर, खास करून तिच्यातलं फ्रुक्टोज, लिव्हर स्वतःच चरबीत बदलतं.

आमच्या परभणीकडची तऱ्हा सांगतो. सकाळी उपाशीपोटी चहा, मग दुकानावर येईल त्या गिऱ्हाइकासोबत कट, म्हणजे अर्धा कप चहा. अकराला सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) नाहीतर भजे, दुपारचं जेवण तीनला. रात्री दुकान बंद करून साडेदहाला वरण-भात पोटभर, की आडवे! कप लहान असतो हो, पण दिवसभराची साखर एकदा वाटीत काढून बघा.

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी चांगलीच आहे, पण भाकरी मोजून. आणि उपवास करतो म्हणणारे साबुदाण्याची खिचडी किती हाणतात ते आपल्याला माहीत आहे.

वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरलं तरी लिव्हरची सूज कमी होऊ शकते. ८० किलोच्या माणसाला साधारण ६ ते ८ किलो. तेही हळूहळू, कारण झटपट उतरवलं तर लिव्हरलाच त्रास होऊ शकतो. शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) तपासून घ्या. दारू घेत असाल तर आधी ती बंद, बाकीचं मग बोलू.