सह्याद्री म्हणजेच पश्चिम घाट? माझा आक्षेप आहे

घाटवाट (धागाकर्ते)
‘सह्याद्री म्हणजेच पश्चिम घाट’ असं सरसकट छापलं जातं. पश्चिम घाट तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत, सुमारे १६०० किमी. त्यातला उत्तरेकडचा, काळ्या पाषाणाचा भाग तेवढा सह्याद्री. बेळगाव-आंबोलीच्या पट्ट्यात बेसॉल्ट संपतो, पुढे नाइस-शिस्ट आणि निलगिरीत चार्नोकाइट, हे वेगळ्या जातीचे खडक लागतात. कातळ बदलला की डोंगराचा घाटही बदलतो (शब्दखेळ माफ करा). आपल्याकडे उभा कडा, मग पदर (म्हणजे पायरीसारखी सपाटी), पुन्हा कडा. निलगिरीत गोलसर गवताळ माथे आणि घळीघळींत शोला म्हणतात ती खुरटी, दाट जंगलं. केरळातल्या पालघाटला तर ३०-४० किमीचं खिंडारच आहे. त्यापलीकडच्या आनैमुडीला (२६९५ मी.) सह्याद्रीचं शिखर म्हणणं मला पटत नाही.

जुन्यांना हा फरक ठाऊक होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या क्र. ३ च्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ज्या पर्वतांचा स्वामी, त्या यादीत सह्य वेगळा आणि मलय वेगळा.

मलनाडकर
यादी आहे ती, नकाशा नव्हे. सह्य कुठे संपतो आणि मलय कुठे सुरू होतो, हे तो लेख सांगत नाही. केरळात आजही या डोंगराला सह्यपर्वत म्हणतात आणि शिमोग्यात सह्याद्री नावाचं कॉलेज आहे. नाव लोक ठेवतात, कातळ नाही.

उपरा शब्द असलाच तर तो ‘पश्चिम घाट’. मराठीत घाट म्हणजे चढून जायची वाट: नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली. साहेबाने वाटेचं नाव उचलून डोंगराला चिकटवलं. कोकणातला माणूस ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा तो डोंगरावर नाही, देशावर गेलेला असतो.

पाणलोट
दोघंही ‘रांग’ गृहीत धरून भांडताय. महाराष्ट्रात ती रांग नाहीच, पठाराची तुटलेली कड आहे. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, १ ला ३७ चा चढ चढून इगतपुरीला ती सुटतात. मग गाडी उतरते कुठे? उतरतच नाही, त्याच उंचीवरून नाशकाला जाते. चढ आहे, उतार नाही, याला डोंगररांग कसं म्हणायचं?

खरी रांग हवी तर कडेपासून पूर्वेला फुटलेले फाटे बघा: सातमाळा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. कळसूबाईसुद्धा (१६४६ मी.) अशाच फाट्यावर आहे. तिच्या उत्तरेचं पाणी दारणेला, दक्षिणेचं प्रवरेला, दोन्ही अखेर गोदावरीत. मुख्य धार ती, जिच्या एका अंगाचं पाणी अरबी समुद्राला आणि दुसऱ्याचं बंगालच्या उपसागराला जातं.

घाटवाट
म्हणजे सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर सह्याद्रीबाहेर! शिवाय तुमचा निकष खाली कर्नाटकात लंगडा पडतो. शरावती तीर्थहळ्ळीजवळ अंबुतीर्थाला उगम पावते, पठारावरून वाहत येते आणि जोगला २५३ मीटर कोसळून पश्चिमेला जाते. म्हादई आणि काळीचंही तेच. नद्यांनी कड मागे खात नेली, त्यामुळे कडा एकीकडे आणि पाणलोटाची धार दुसरीकडे. तिथे कातळच विचारावा लागतो.

पाणलोट
कर्नाटकापुरतं मान्य. कळसूबाईबाबत नाही. फाटा हा फाटाच.

सातबारा
पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या सरकारी मसुद्यावर हरकती-सूचना लिहिणाऱ्यांसाठी: सरकारी कामात ‘सह्याद्री’ लिहू नका. ‘पश्चिम घाट’ची निदान हद्द आखलेली आहे. तीही एक नाही, ही वेगळी गंमत. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाबद्दल केंद्राने नेमलेल्या गाडगीळ समितीने (२०११) पूर्वेकडे ५०० मीटरच्या आणि पश्चिमेकडे १५० मीटरच्या वरचं वनक्षेत्र धरलं, ते १,२९,०३७ चौ. किमी भरलं. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने (२०१३) तालुके धरले आणि आकडा १,६४,२८० वर गेला. डोंगर तोच, फरक पस्तीस हजार चौ. किमीचा. त्यामुळे अर्जात समितीचं नाव, तालुका आणि गाव लिहायचं. मसुदा अधिसूचनेत गावांची यादी असते, त्यात आपलं गाव आहे का ते आधी बघा. नुसतं ‘सह्याद्री वाचवा’ लिहिलं, तर हरकत नेमक्या कोणत्या जागेबद्दल आहे हेच कळत नाही.

मलनाडकर
अर्जात लिहितो की पश्चिम घाट. बोलताना मात्र सह्याद्रीच म्हणणार, आणि तो पालघाटच्या पलीकडेही.