लाकडी लुअर घरी बनवावेत की विकतचेच बरे?

गिरणाकाठ:
माझं मत आधीच सांगून टाकतो. खान्देशात गळ टाकणाऱ्याने लुअर, म्हणजे मासोळीसारखं दिसणारं, हूक लावलेलं खोटं आमिष, घरीच बनवावा. पैसे वाचतात म्हणून नव्हे, तर विकतचा लुअर आपलं पाणी बघून बनवलेला नसतो म्हणून. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात गाळ आहे, इतर तलावांच्या काठाला पाण्याखाली बाभळीची खुंटं आहेत. दहा-बारा फूट खाली बुडी मारणारा लुअर तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेकीलाच अडकतो. आपल्याला हवा तो फूट-दीड फूट खालून डुलत येणारा, रील थांबवली की आपोआप वर तरंगणारा. हे सगळं पुढच्या जिभेवर, म्हणजे तोंडाशी लावलेल्या चपट्या पट्टीवर, ठरतं. जीभ उभी लावली तर लुअर वरच राहतो आणि जोरात डुलतो. अंगाच्या सरळ रेषेत, लांब लावली तर खोल जातो. जिभेसाठी जुनी सीडी कापली तरी चालते, ती पॉलिकार्बोनेटचीच असते.

फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने १९३६ साली आपला पहिला लुअर बुचाचा (कॉर्कचा) कोरला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लेप दिला तो फोटोच्या निगेटिव्ह वितळवून. मोठा मासा थव्यातल्या लंगडत पोहणाऱ्या मासोळीवरच झडप घालतो हे त्याने पाण्यावर बसून पाहिलं होतं. रापाला नावाची लुअरची मोठी कंपनी नंतर झाली, आधी त्याच्या हातात चाकू होता.

पांझरा_धुळे:
पूर्ण विरोध. रापाला ज्या पाण्यात पाईक हा तिकडचा शिकारी मासा धरत होता तिथे ते ठीक. आपल्याकडे लुअरवर मुख्य मासा मरळ, आणि मरळ बसते कुठे? शेवाळात, पाणवेलीत, लव्हाळ्याच्या बुडाशी. दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हूक लटकवलेला लाकडी लुअर तिथे टाकला की दर फेकीला मूठभर गवत काढत बसा. विकतच्या रबरी बेडूक-लुअरचे हूक पाठीला चिकटून असतात, तो वेलीवरून सरपटत येतो, मरळीने दाबला की मगच हूक उघडे पडतात. ही रचना लाकडात होत नाही.

शिवाय हूक, स्प्लिट रिंग (हूक अडकवायची कडी), स्विव्हल (फिरती कडी) विकतच आणायचे. म्हणजे घरचं काय, तर मधला ठोकळा. रविवार त्यात घालवण्यापेक्षा पाण्यावर घालवा.

रंधा:
मी चोपड्याचा, धंद्याने सुतार. लाकूड कुठलं घ्यायचं, याचं दोघांनी नावही काढलं नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

साग सगळ्यांच्या हाताशी असतो, पण त्याला अंगचं तेल असतं, त्यावर रंग आणि एपॉक्सी धरत नाही. थिनरने पुसून लगेच सीलर मारला तरच टिकतं. अंजन तर पाण्यात टाकला की सरळ तळाला. पांगारा खूप हलका, झकास तरंगतो, पण इतका मऊ की हूक अडकवायच्या कडीचा स्क्रू मोठ्या माशाच्या एका झटक्यात उपटून येतो. पांगारा घ्यायचा तर पोटाला करवतीने खाच पाडून नाकापासून शेपटीपर्यंत एकच स्टीलची तार घाला. माझ्या मते शिवण सगळ्यात बरी: हलकी, कोरायला सरळ, आणि सुकल्यावर वाकत नाही. जंगलात कोयता घेऊन जाऊ नका, सॉ मिलवर तुकडे मिळतात.

शिसं पोटात, शक्य तितकं खाली. रंगाआधी हूक लटकवून बादलीत सोडा. पाठ वर ठेवून तरंगला तरच पुढे जा. ओढताना डावीकडे पळत असेल तर दोरी बांधायची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवा. लाकरचा पहिला हात पातळ, आणि तो प्रत्येक भोकाच्या आतही गेला पाहिजे. पाणी भोकातूनच शिरतं, मग लाकूड फुगतं आणि रंग तडकतो.

तापीथडी:
भाऊ, तुमनं बठ्ठं खरं शे, पन जायं कोन सांधी? (जाळं कोण सांधणार?)

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं. तुटलेला लुअर खुंटाला लटकून राहतो आणि पहाटे अंधारात जाळं ओढताना ट्रेबल आधी जाळ्यात घुसतो, मग तळहातात. एक ट्रेबल सोडवायला जाळ्याचे पाच-सात डोळे कापावे लागतात. विकतचा असो की शिवणीचा, जाळ्याला दोन्ही सारखेच.

गिरणाकाठ:
तापीथडींचं म्हणणं मला पटतं, आणि ते घरच्या लुअरच्याच बाजूने जातं. मी बनवणारा असलो तर ट्रेबल लावायची सक्ती कोणाची? पोटाला काहीच नाही, शेपटीला एकच हूक, तोही टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून. वजन बेतून तरंगता ठेवला तर दोरी तुटली तरी बहुतेकदा वर येतो, दिसतो, उचलता येतो. आणि एकाच हूकाला गवतही कमी लागतं, म्हणजे पांझरा_धुळेंची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

पांझरा_धुळे:
अर्धीच. वेलीत बेडूक तो बेडूकच. मात्र मोकळ्या पाण्यात शिवडा माशासाठी लाकडी लुअर चालेल, इतकं मान्य.

पण तुम्ही कोणीच जे बोलला नाहीत ते बोलतो. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांच्या घोळक्याभोवती राखण करत असते. पाण्यावर लालसर पिलं खदखदताना दिसली की पोरं नेमका तिथेच लुअर फेकतात, कारण मरळ भुकेने नाही, रागाने चावते आणि हमखास लागते. ती उचलली की बाकीचे मासे पिलं साफ करतात. घरचा लुअर स्वस्तात पडला की असे हात वाढणार, ही माझी खरी भीती.

रंधा:
हे लुअरचं नाही, फेकणाऱ्याचं. रबरी बेडकाने तर हे जास्तच होतं, आणि तो दुकानात टांगलेलाच आहे.

तापीथडी:
पिलांवर फेकू नका, हे मीही सांगतो. आणि बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, काठावर येऊन आधी विचारा. जाळी कुठे टाकलीत ते आम्ही बोट दाखवून सांगू. एका हूकाचा लुअर असेल तर माझी हरकत नाही. ट्रेबल असेल तर माझ्या जाळ्याच्या बाजूला नको.