पिल्लू हाताने भरवलं नाही तर पोपट माणसाळत नाही, हे कुणी ठरवलं?

पानगळ

परवा एका सल्ल्याखाली "छान माहिती", "जपून ठेवलं" असे प्रतिसाद बघितले आणि तेव्हापासून स्वस्थता नाही. सल्ला असा होता : "पोपट खरंच तुमचा व्हायला हवा असेल तर पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असतानाच आणा आणि सिरिंजने स्वतः भरवा. पिसं भरल्यावर आणलेला पोपट जन्मभर परका राहतो." हे वाचून एखादं माणूस आत्ता पिल्लू घेऊन घरी निघालं असेल. म्हणून लिहिते आहे. लांबलं तर लांबू द्या.

माझं पहिलं कॉकटिएल (शेंडीवाला छोटा पोपट) 21 दिवसांचं होतं. मलाही हेच सांगून दिलं होतं. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायची पातळ लापशी, मायक्रोवेव्हमध्ये गरम केला, मनगटावर थेंब टाकला, कोमट लागला. मायक्रोवेव्हमध्ये तो सगळीकडे सारखा तापत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. वरचा थेंब कोमट होता, मधला भाग पोळणारा. पिल्लाने त्या दिवशी नीट खाल्लं, नीट झोपलं. चार-पाच दिवसांनी क्रॉपवर, म्हणजे गळ्याखालच्या अन्न साठवायच्या पिशवीवर, काळपट खपली दिसली. ती सुटली तेव्हा भरवलेलं सगळं त्या भोकातून छातीवर ओघळायला लागलं. डॉक्टरांनी टाके घातले, तरी दोन दिवसांनी गेलं. ज्या हातावर त्याने विश्वास टाकावा म्हणून हा खटाटोप, त्याच हाताने ते मेलं.

दुसरं आणलं ते 10 आठवड्यांचं, स्वतः दाणे टिपणारं. पहिले पंधरा दिवस हात दिसला की कोपऱ्यात जायचं. मी रोज पिंजऱ्याशेजारी बसून वाचायचे, बाकी काही नाही. मग दांडीच्या टोकाशी राळ्याचं कणीस धरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात ते खायला पुढे सरकलं, दीड महिन्याने बोटावर चढलं. आज 8 वर्षं झाली. मी खोलीत पाऊल टाकलं की शीळ घालतो. त्याला परका म्हणून दाखवा.

ब्रूडरवाला

तो सल्ला माझा नाही, पण बाजू घेतो, कारण 14 वर्षं पिल्लं हातावर वाढवतोय.

तुमचं पिल्लू गेलं त्याचं वाईट वाटलं. पण ते मायक्रोवेव्हने मारलं, भरवण्याने नाही. थर्मामीटर बुडवायचा, 39 ते 41 अंश. 43 च्या पुढे क्रॉप भाजतो, निवलेलं दिलं तर क्रॉप चालत नाही. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने, रोख उजवीकडे, म्हणजे श्वासनळीत जात नाही. रोज पहाटे भरवण्याआधी वजन. शिकणाऱ्याला हे सगळं जमतं.

आणि आई-बापांपाशी ठेवलं की सगळं आलबेल, हे कुठून आलं? पिल्लांची पाठ सोलून काढणारे कॉकटिएल माझ्याकडे होते. बजीच्या (बजरीगार पोपटाच्या) मादीला पुढच्या विणीची घाई झाली की ती आधीच्या पिल्लांची डोकी फोडते, हे घरट्याची पेटी उघडून बघितलेल्या कुणालाही माहीत आहे. मॉरिशसचा एको पोपट 1980 च्या दशकात जेमतेम दहा-बारा उरला होता. आज तो शेकड्यांनी आहे, आणि त्यात हातावर वाढवलेल्या पिल्लांचाही वाटा आहे.

हात न लागलेलं पिल्लू नव्या घरी चावतं. चावलं की लोक कंटाळतात. वर्षभरात ते तिसऱ्या घरी असतं. मी असे परत आलेले पक्षी सांभाळलेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

रानवाट

मॉरिशसचा दाखला इथे लागू नाही. तिथे जाणत्या लोकांनी पिल्लं वाढवली ती रानात सोडायला. खांद्यावर बसवायला नाही.

दाखलाच हवा तर न्यूझीलंडचा सिरोको घ्या. काकापो, म्हणजे तिथला न उडणारा पोपट, जन्म 1997. श्वसनाचा आजार झाला म्हणून पिल्लू असताना माणसांनी हातावर वाढवलं. जीव वाचला, पण पुढे आपल्या जातीची मादी त्याला आपली वाटलीच नाही. 2009 मध्ये चित्रीकरणासाठी आलेल्या प्राणिशास्त्रज्ञाच्या डोक्यावर चढून तो जुगायला बघत होता. तेव्हा जगात काकापो उरले होते सव्वाशेच्या आसपास. लोक ती चित्रफीत बघून हसतात, मला ती बघवत नाही.

घराघरांत हेच छोट्या प्रमाणात घडतं. हातावर वाढलेलं, भावंडं न बघितलेलं पिल्लू गोड असतं, पण वयात आलं की घरातल्या एकाला जोडीदार धरतं आणि बाकीच्यांवर धावून जातं. त्या एकाने कामावर जायचं म्हटलं की दिवसभर किंकाळ्या. मग लोक म्हणतात, अचानक बिघडला.

आणि तिसरी वाट आहेच की. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी 1999 मध्ये नारिंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. भरवत होते आई-बापच. माणसं फक्त पिल्लांना नियमित पेटीतून काढून हाताळायची. ती पिल्लं न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा कितीतरी माणसाळलेली निघाली. नेदरलँड्सने तर पोपटाची पिल्लं लवकर आई-बापांपासून तोडायला कायद्यानेच मनाई केली आहे.

ब्रूडरवाला

प्रयोगशाळेतल्या जोड्यांना माणसांची ये-जा सवयीची असते. माझ्याकडच्या निम्म्या माद्या पेटीत हात घातला की अंडी-पिल्लं टाकून देतात. ती उपाशी मरू द्यायची का? कागदावरचं मला सांगू नका.

सातभाई

अभ्यास दोघांनीही बाजूला ठेवा. वयाचा मुद्दा मुळातच पोकळ आहे. पोपटांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांचा अ‍ॅलेक्स आठवा. 1977 मध्ये दुकानातून घेतला तेव्हा तो सुमारे एक वर्षाचा होता. त्यांनी त्याला सिरिंजने भरवलेलं नव्हतं. तोच ग्रे (आफ्रिकी राखाडी पोपट) पुढे रंग, आकार, संख्या ओळखायला शिकला आणि 2007 मध्ये जाईपर्यंत त्यांच्यासोबत काम करत राहिला.

माझी कन्युर जातीची पोपट तर दोन वर्षांची असताना आली, तीही मारकुटी म्हणून कुणीतरी सोडून दिलेली. आता गळ्याशी चोच खुपसून झोपते. एक सांगतो, सुरुवातीचे चार महिने तिचे पंख छाटून घेतले होते. त्याने फरक पडला. उडून लांब जाता येत नाही म्हटल्यावर हाताची सवय लवकर झाली.

निळाई

"उडून लांब जाता येत नाही म्हटल्यावर." स्वतःचं वाक्य पुन्हा वाचा. पळायची वाट बंद केली आणि ती जवळ आली, याला माणसाळणं म्हणता? ती हरली होती. माणसाळलेला पोपट तो, जो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसू शकत असताना तुमच्याकडे येतो.

सातभाई

तुम्हाला तिची हकिगत माहीत नाही. नख न कापणाऱ्याला कुणी दयाळू म्हणत नाही. उडायची पिसं तशीच आहेत, पुढच्या पिसं झडण्याच्या वेळी नवी येतात. दुखत नाही.

नवखा

मधेच विचारतो, माफ करा. वर दिलेला तोच सल्ला वाचून मी 20 दिवसांचं कॉकटिएल आणलं आहे, आज तिसरा दिवस. सकाळी सहाला भरवलेलं अजून गळ्यात तसंच दिसतंय, आता एक वाजला. पुढचं भरवू का?

निळाई

दुखत नाही? नव्याने फुटणाऱ्या पिसात रक्त असतं. चुकून ते कापलं तर पक्षी रक्ताने माखतो. मी बघितलंय. आमच्या लवबर्डचे पंख दुकानदाराने एकाच बाजूचे छाटून दिले होते. पहिल्याच दिवशी ती कपाटावरून गरगरत खाली आली आणि छातीचं हाड फरशीवर आपटून कातडी फाटली. पुन्हा शिवली, पुन्हा पडली, पुन्हा फाटली. नख म्हणे!

उंबरठा

आता माझंही ऐका, कारण मी दोन्हीकडचं भोगलंय. आमचा ग्रे पूर्ण पंखांचा होता. हाक मारली की येणारा. भाचीने गॅलरीचं दार उघडलं, खाली गाडीचा भोंगा वाजला आणि तो दचकून उडाला. तीन दिवस झाडांखाली हाका मारत फिरलो. पहिल्या संध्याकाळी त्याने उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी नाही. पंख छाटले असते तर तो आज घरात असता, हे मला रोज वाटतं. निळाईताई, तुमचं तत्त्व मला त्या झाडाखाली उपयोगी पडलं नाही.

निळाई

तुमचं दुःख मी खोटं ठरवत नाही. पण हरवलेल्या पोपटांच्या शोधात मी गेली सहा वर्षं लोकांना मदत करते आहे, आणि छाटलेले पक्षीही तितकेच हरवलेले असतात. छाटलाय म्हणून घरचे बिनधास्त असतात, दारं उघडी टाकतात. दोन-तीन पिसं कधी परत आली ते कुणी बघत नाही, आणि मागून वारा मिळाला तर तेवढी पुरतात. असा पक्षी वर चढतो आणि उतरायचं कसं हे त्याला माहीतच नसतं, कारण तो कधी उडायला शिकलेलाच नसतो. तुमच्या ग्रेला उंचावरून खाली यायचा सराव दिला होता का?

उंबरठा

नव्हता दिला. पण हे असं विचारायची गरज नव्हती.

सातभाई

निळाई, माणसाच्या जखमेवर बोट ठेवून वाद जिंकता येत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या उकळत्या भांड्याचं काय, चालू पंख्याचं काय? सगळ्यांची घरं पक्ष्यासाठी रिकामी नसतात.

निळाई

उंबरठा, माफ करा. ते मी तसं विचारायला नको होतं.

सातभाई, पंखा बंद ठेवता येतो. तेवढंही जमत नसेल तर पोपट आणू नये. यावर मी मागे हटणार नाही. निदान पिल्लाला आधी उडू तरी द्या! बजी पाचव्या आठवड्यात उडतो, ग्रेला अडीच-तीन महिने लागतात. त्याच दिवसांत छातीचे स्नायू आणि तोल तयार होतो. त्याआधी कात्री लावलेला पक्षी जन्मभर धडपडत राहतो.

सातभाई

आधी उडू द्यावं, हे मान्य. माझी दोन वर्षांची होती, तिला उडता येत होतं. बाकीचं मान्य नाही.

रानवाट

सगळ्यांनी पंख सोडा. वर नवखा यांनी एक वाजता विचारलंय. आता साडेतीन झाले. एकानेही उत्तर दिलेलं नाही, माझ्यासकट.

ब्रूडरवाला

नवखा, पुढचं भरवू नका. जुन्यावर नवं टाकलं की आतलं आंबतं, यीस्ट वाढतं. आधी ब्रूडरचं, म्हणजे पिल्लू उबेत ठेवायच्या पेटीचं, तापमान बघा. या वयाला 28-29 अंश हवं. पिल्लू गार पडलं की क्रॉप थांबतो. पाय हातात धरून बघा, गार लागतात का. फॉर्म्युला किती घट्ट केला होता, किती दिला, आणि वजन काय? या वयाच्या पिल्लाला एका वेळी वजनाच्या साधारण दहावा भाग पुरतो. आणि हे सगळं बघता बघता पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. उद्यावर टाकू नका.

पानगळ

आणि क्रॉप दाबून रिकामा करायला जाऊ नका. वर आलेलं श्वासनळीत जातं. ऊब द्या आणि निघा.

नवखा

डॉक्टरांकडून आलो. ब्रूडर म्हणून खोक्यात दिवा लावला होता, आत 23 अंशच निघाले. फॉर्म्युलाही फार घट्ट होता. त्यांनी नळीने क्रॉप धुतला, औषध दिलं, दर तीन तासांनी पातळ आणि थोडंच भरवायला सांगितलं. वजन 64 ग्रॅम. आणलं तेव्हा 71 होतं. ज्यांनी दिलं त्यांना फोन केला तर म्हणाले, तुमच्या हाताला सवय नाही. मग दिलं कशाला मला?

ब्रूडरवाला

हा प्रश्न मलाही लागू आहे. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं मीही नवख्यांना दिली आहेत, कारण ते तशीच मागतात, आणि थर्मामीटरची ताकीद देऊन मी मोकळा होतो. यापुढे भरवणं सुटल्याशिवाय एकही पिल्लू घराबाहेर जाणार नाही, कॉकटिएल असलं तर 8 ते 10 आठवडे. हे मी रानवाट यांच्या अभ्यासामुळे म्हणत नाही, 23 अंशांमुळे म्हणतो. हातावर भरवणं मात्र सोडणार नाही. पिल्लं तीन-चारच्या गटात ठेवली तर ती पोपटच राहतात, सिरोको होत नाहीत.

आणि पानगळताई, एक विचारायचं राहिलं. तुमचं ते 10 आठवड्यांचं, 8 वर्षांपासून शीळ घालणारं पिल्लू, ते तुमच्याकडे येण्याआधी कुणी भरवलं होतं?

पानगळ

ज्यांच्याकडून आणलं त्यांनीच. तिसऱ्या आठवड्यापासून, भावंडांसोबत, सिरिंजने. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. मुद्दा कमजोर होईल म्हणून लिहिलं नाही, हे खरं आहे. पण ते भरवणारे हात माझे नव्हते आणि तरीही तो माझ्या बोटावर आला, तेवढं माझं म्हणणं अजून उभं आहे.

रानवाट

उभं आहे, पण आता एका पायावर. माणसाच्या हाताची ओळख त्याला आधीच झालेली होती. अगदी कोऱ्या पिल्लाला दीड महिना नाही, सहा महिनेही लागू शकतात, आणि तेवढा धीर धरणारी माणसं किती, हा ब्रूडरवाला यांचा प्रश्न मी टाळत आलो. माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही.

निळाई

सातभाई, पंखांवर वेगळा धागा काढते. तिथे या.

सातभाई

येतो.

नवखा

रात्री तीनदा उठलो. आज पहाटे क्रॉप पूर्ण रिकामा होता. ब्रूडर 29 वर. वजन 65. सहाला भरवलं तेव्हा पहिल्यांदाच मान हलवून जोराने ओढून घेतलं. पुढचं नऊला देतो, 40 अंशांवर, मोजून.