दोन भागांच्या मधली वर्षं : तुमचे अनुभव सांगा

परवा कपाट आवरताना एका जाडजूड पुस्तकाच्या २१२ व्या पानावर माझ्याच अक्षरातली पेन्सिलीची ओळ सापडली : 'ही खोटं बोलतेय.' 'खोटं'च्या खाली दोन रेघा. ही म्हणजे यानावरची डॉक्टर, एवढं वरच्या परिच्छेदावरून कळलं. पण कशाबद्दल खोटं बोलतेय आणि मला ते कशावरून वाटलं, काही म्हणजे काही आठवेना. हा चौथा भाग. आठ वर्षांपूर्वी तीन रात्रींत संपवला होता. पाचव्याची तारीख दोनदा जाहीर झाली, दोनदा पुढे गेली. आता लेखक त्याबद्दल बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

मालिकेचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा तिच्यावरच घसरेल. लांबलचक विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिका वाचणाऱ्या सगळ्यांना विचारतेय : मधली वर्षं कशी काढलीत? थांबलात, सोडून दिलंत, की चक्क विसरलात? अट एकच. शेवट फोडू नका. फोडायचाच असेल तर आधी ओरडा.

पानकोपरा :

ओरडतोय! 'हायपेरियन'चा शेवट फोडतोय!

मी वाट पाहिलीच नाही, कारण वाट पाहायची असते हेच मला माहीत नव्हतं. पुस्तक कुणीतरी वाचायला दिलं. यात्रेकरू निघालेत, वाटेत एकेक जण आपली कहाणी सांगतोय, प्रत्येक कहाणी आधीचीपेक्षा भयंकर. शेवटी सगळे हातात हात घालून, गाणं म्हणत, त्या कबरींच्या दिशेने चालू लागतात. संपलं. पुढे त्यांचं काय झालं, एक अक्षर नाही. मी थक्क! काय छाती लेखकाची! जवळजवळ चार वर्षं मी हे भेटेल त्याला ऐकवत होतो. एका वाचकगटात तर 'उत्तर न देणं हेच उत्तर' या विषयावर अर्धा तास बोललो. मागच्या रांगेतल्या एका मुलीने अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही दुसरा भाग वाचला नाहीत का?"

पहिला भाग १९८९ चा, दुसरा १९९० चा. म्हणजे मी पहिला हातात घेतला तेव्हा दुसरा येऊन जुना झाला होता. मग वाचला. छान आहे. पण खरं सांगू का, मला अजून माझाच शेवट जास्त आवडतो.

धागाकर्ती :

'उत्तर न देणं हेच उत्तर'! त्या मुलीला भेटायचंय मला.

जुनी_जिल्द :

आमच्या घरात ही वाट बाबांच्या वाट्याला आली. आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'चे तिन्ही खंड त्यांनी कॉलेजात असताना वाचले. तिसरा १९५३ चा आणि चौथा आला १९८२ मध्ये. एकोणतीस वर्षं. अर्थात बाबा एकोणतीस वर्षं वाट पाहत होते असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मालिका संपली असंच सगळे धरून चालले होते. १९६६ मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम मालिका म्हणून तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला, म्हणजे हार घालून फोटो भिंतीवर लावल्यासारखंच झालं. आणि मग फोटोतला माणूस दार वाजवतो.

बाबांनी चौथा खंड मोठ्या थाटात उघडला. दोन दिवसांनी पाहिलं तर पुस्तक पालथं पडलेलं, साधारण चाळिसाव्या पानावर.

"हा माणूस बदललाय," बाबा म्हणाले.

आई पलीकडच्या खोलीतून : "एकोणतीस वर्षांत तुम्ही नाही का बदललात?"

बाबांनी पुस्तक उचललं आणि मुकाट पुढे वाचायला लागले. असिमॉव्हने लिहून ठेवलंय की चौथा खंड लिहिण्याआधी त्याने स्वतःचेच जुने खंड पुन्हा वाचले, आता काहीतरी घडेल, आता घडेल म्हणून थांबला, आणि काही घडेचना, नुसतं बोलणंच. पुढे मी हे बाबांना वाचून दाखवलं तर लेखकावरच डाफरले, "अरे, बोलण्यातच तर गंमत होती!" लेखकाला आपलं पुस्तक कळलेलं नाही याची त्यांना शेवटपर्यंत खात्री होती.

तळटीप :

वर असिमॉव्ह निघालाच आहे म्हणून. वाचकाला टांगून ठेवायची त्याची खोड पहिल्या दिवसापासूनची. ही मालिका आधी मासिकात कथांच्या रूपात आली. मे १९४२ च्या अंकातली पहिली कथा त्याने मुद्दाम अशा जागी तोडली की संपादकाला पुढची घ्यावीच लागेल. नायक म्हणतो, उपाय तर उघड आहे, आणि कथा संपते. मग पुढची लिहायला बसला तर स्वतःच अडकला. उपाय उघड असल्याचं नायकाला माहीत होतं, लेखकाला नव्हतं. पुढची कथा जूनच्या अंकात आली, म्हणजे वाचक महिनाभरच ताटकळले. सुखी लोक.

अर्धा_इंच :

माझं दुःख हलकं आहे, पण आहे. मी कागदी बांधणीवाला. माझ्या मालिकेचा भाग आधी जाड पुठ्ठ्यात येतो आणि कागदी बांधणीत वर्षभराने. त्यामुळे सगळे तीन वर्षं थांबतात तेव्हा मी चार. ते वरचं वर्ष सगळ्यात वाईट, कारण जगाने पुस्तक वाचलेलं असतं. मी गप्पा चालू असताना खोलीतून उठून जातो. एकदा लिफ्टमध्ये दोघं बोलत होते, मला उतरता येईना, कान बंद करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. नववा मजला.

एवढं सोसून चौथा भाग घरी आणला, फळीवर लावला, तर तो आधीच्या तिघांपेक्षा अर्धा इंच उंच. प्रकाशकाने मधल्या काळात आकार बदललेला. फळीत बसेना. तेव्हापासून तो आडवा झोपलाय, तिघांच्या डोक्यावर.

वाळूघड्याळ :

'ड्यून' मी फार उशिरा वाचलं. सहाही भाग एका दमात, त्यामुळे वाट पाहायचा प्रश्नच नव्हता, असं मला वाटलं होतं. मूळ वाचकांचे हाल बघा : १९६५, १९६९, १९७६, १९८१, १९८४, १९८५. पहिल्या मुलाच्या बारशाला पहिला भाग आणि त्याच्या नोकरीच्या वेळी सहावा, असा हिशेब.

सहाव्याच्या शेवटी एक यान कुठल्याशा अनोळखी ठिकाणी निघून जातं. त्यांच्या मागावर कोण आहे ते धड कळत नाही. मी पान उलटलं. पुढे प्रकरण नव्हतं. लेखकाने बायकोबद्दल लिहिलेला मजकूर होता. बेव्हर्ली १९८४ मध्ये गेली, पुस्तक १९८५ मध्ये आलं आणि फ्रँक हर्बर्ट स्वतः फेब्रुवारी १९८६ मध्ये गेला. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी मोठ्या उत्सुकतेने यानाचं काय झालं ते शोधत होतो. समोर एक म्हातारा माणूस आपल्या बायकोबद्दल सांगत बसलेला. चिडायला जागाच ठेवली नाही त्याने.

पुढचं कथानक त्याच्या मुलाने एका सहलेखकासोबत, वडिलांच्या टिपणांवरून, २००६ आणि २००७ मध्ये दोन पुस्तकांत पूर्ण केलं. वाचलं मी. मागावर कोण होतं ते कळलं. कळल्यावर लक्षात आलं की मला ते त्याच्याकडून ऐकायचं होतं.

रामराम_घ्या :

मी सोडून दिलं. पाच वर्षं थांबलो, मग चारही भाग उचलून देऊन टाकले. लेखकाला पूर्ण करायची नसेल तर सुरू करू नये. आता संपलेली मालिकाच हातात घेतो.

पानकोपरा :

सगळ्यांनी असंच केलं तर पहिला भाग कोण विकत घेणार आणि दुसरा कोण छापणार? तुम्ही संपलेल्या मालिका वाचता त्या आमच्यासारख्या येड्यांच्या जीवावर.

रामराम_घ्या :

मान्य. धन्यवाद. थांबत राहा.

दुभाषी :

माझी तऱ्हा वेगळी. पुस्तक लिहून झालंय, लाखो लोकांनी वाचलंय, त्यावरून भांडूनही झालंय, फक्त मला वाचता येणाऱ्या भाषेत ते नाही! लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ची त्रिखंडी चिनी भाषेत २०१० मध्येच पुरी झाली. इंग्रजीत पहिला खंड २०१४, दुसरा २०१५, तिसरा २०१६. या वाटेत एक वेगळाच मोह असतो, कारण शेवट कुठेतरी छापील पडलेला आहे. मी एका रात्री मोहाला बळी पडून तिसऱ्या खंडावरचा एक चिनी लेख यंत्राकडून भाषांतरित करून घेतला. त्यातून इतकं निष्पन्न झालं की शेवटी कोणीतरी 'घर सपाट होते'. मी महिनाभर त्यावर डोकं लढवलं. तिसरा खंड वाचलेले आता हसत असतील, कारण यंत्र फारसं चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या खंडाचा इंग्रजी अनुवादक वेगळा आहे. पहिला आणि तिसरा एकाचे, मधला दुसऱ्याचा. वर्षभराने जुना मित्र भेटावा आणि त्याचा आवाज बसलेला असावा, तसं पहिली काही पानं झालं मला. मग कान सरावले.

धाकटा :

'द एक्सपान्स'. मी आणि ताई. २०११ पासून सुरुवातीला जवळपास दरवर्षी एक भाग यायचा. नियम ठरलेला, आधी ताई, मग मी. ती वाचताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. ती मुद्दाम नको तिथे "अगं बाई!" करायची. पुस्तक माझ्या हातात आलं की मी तिची "अगं बाई"ची पानं शोधायचो आणि तिथे काहीच नसायचं.

सहावा भाग २०१६ च्या डिसेंबरमध्ये आला, सातवा २०१७ च्या. आम्ही बरोबर एक वर्ष थांबलो आणि पुस्तक उघडलं तर आतल्या माणसांची जवळपास तीस वर्षं उलटून गेलेली! केस पांढरे, सांधे कुरकुरतायत. ताई इतकी चिडली. "मधली तीस वर्षं गेली कुठे? आपल्याला न विचारता?"

आठवा २०१९ च्या मार्चमध्ये आला. त्यानंतर आमचं घराच्या वाटणीवरून बिनसलं. तपशील कंटाळवाणे आहेत, सगळ्या घरांत सारखेच असतात. बोलणं बंद. नववा, शेवटचा, नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाला. मी घेतला नाही. म्हणजे घेऊन करू काय? आधी वाचायचा हक्क माझा नव्हता. दहा-बारा दिवसांनी कुरियरने एक पाकीट आलं. आत पुस्तक, न उघडलेलं, आणि पहिल्या पानावर ताईचं अक्षर : 'या वेळी तू आधी.'

मी वाचलं. तिला दिलं तेव्हा एका अगदी निरुपद्रवी पानावर पेन्सिलीने 'अगं बाई!' लिहून ठेवलं होतं.

दर_आठवड्याला :

'पेरी ऱ्होडान' ही जर्मन अंतराळमालिका माहितीये का कुणाला? सप्टेंबर १९६१ पासून दर आठवड्याला एक पुस्तिका, तीन हजारांच्या वर अंक झालेत. त्यातलं थोडंफार वाचून मी सुटलो. तिथे वाचक पुढच्या भागाची वाट पाहत नाही, पुढचे भागच वाचकाची वाट पाहत रांगेत उभे असतात. त्यापेक्षा तुमची आठ वर्षं बरी, धागाकर्ती ताई.

सोमवारची :

माझ्या मालिकेचा पुढचा भाग येणार नाही, हे मला माहीत आहे. ऑक्टेव्हिया बटलरचं 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ चं, दुसरा भाग १९९८ चा. तिसऱ्याची सुरुवात तिने पुन्हा पुन्हा केली, दरवेळी थोड्या पानांनी थांबली. २००६ मध्ये ती गेली. तिचे कागद एका ग्रंथालयात जपून ठेवलेत आणि त्यात त्या सगळ्या सुरुवाती आहेत.

पहिलं पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. पहिली नोंद २० जुलै २०२४, शनिवार. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती तारीख म्हणजे पार पलीकडचं काहीतरी होतं. मग हळूहळू जवळ यायला लागली. तिसरा भाग तर येणार नव्हता, तेव्हा मी तारखेचीच वाट पाहायला लागले. त्या दिवशी सकाळी खरंच शनिवार होता. कॅलेंडरचं नवल नाही, तिने बघूनच लिहिलं असणार, तरी मला जरा शहारल्यासारखं झालं. पहिली नोंद वाचली आणि पुस्तक मिटलं. मग तिच्या तारखांप्रमाणेच वाचत गेले. नोंद नसेल त्या दिवशी वाचायचं नाही. मधे आठवडेच्या आठवडे कोरे जायचे. एकदा तर मी चुकून एक दिवस आधी उघडलं आणि चोरी पकडली गेल्यासारखं मिटलं. माझं वाचन अजून चालूच आहे, कारण रोजनिशी २०२७ पर्यंत जाते.

धागाकर्ती :

सगळ्यांचं वाचतेय. 'सोमवारची', तुमचं वाचून मी काल चौथा भाग पुन्हा हातात घेतला. पहिल्या तीनची उजळणी न करताच, त्यामुळे निम्मी नावं डोक्यावरून गेली. पण २१२ पर्यंत पोहोचले.

डॉक्टर कप्तानाला सांगते की मागच्या कक्षात कुणी नव्हतं. बोलताना दोनदा पाणी पिते, एकदा हात पुसते. यावरून मी तेव्हा ते लिहिलं असणार. काल मला ती खोटं बोलताना दिसलीच नाही. ती घाबरलेली दिसली. मागच्या कक्षात तिला खरंच कुणी दिसलं नाही आणि दिसायला हवं होतं, असं काहीतरी.

जुनी ओळ खोडली नाही. तिच्या खाली लिहिलं : 'नाही. घाबरलीय.' आणि तारीख टाकली. आता पाचव्यात लेखक म्हणतील ते खरं, पण मला आमच्या दोघींपैकी कोण बरोबर निघतंय ते बघायचंय.

आणि 'अर्धा_इंच', माझाही चौथा आडवाच ठेवलाय हो.