मदत हवी आहे: 'ती घेते' (म्हणजे उत्तेजक द्रव्यं) असं लोक म्हणताहेत, पंच म्हणून मी काय करू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. शुद्धलेखन चालवून घ्या.

मी तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. शालेय मैदानी स्पर्धांना पंच म्हणून असतो, बहुतेक वेळा घड्याळ माझ्याच हातात. गेल्या आठवड्यात जिल्हा स्पर्धा झाल्या. 17 वर्षांखालील मुलींच्या 400 मीटरला एक पोरगी 60.1 मध्ये आली. गेल्या वर्षी हीच आमच्या मुरमाच्या मैदानावर अनवाणी 66 ला आली होती. माझ्या शाळेची नाही, आधीच सांगतो.

दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील तडक टेबलापाशी आले. "सर, ही घेते. सगळ्यांना माहितीये. टेस्ट करा." मी म्हटलं, लेखी तक्रार द्या. त्यावर ते गप्प, पण तासाभरात मैदानभर तेच. बक्षिसाला नाव पुकारलं तेव्हा चार टाळ्या पडल्या असतील. पोरीने स्पाइक्स काढून हातात धरले होते आणि नखाने त्यातली माती काढत उभी होती.

संध्याकाळी शिपायाने मला स्वच्छतागृहामागे नेऊन एक वापरलेली सिरिंज दाखवली. आता त्या मैदानावर पहाटे भरतीची पोरंही पळतात, त्यामुळे ती कुणाची हे देव जाणे. पण तिथून माझी झोप उडालीय.

मी आकडेमोड करून पाहिली. तेव्हा मुरूम आणि अनवाणी पाय, आता सिंथेटिक ट्रॅक आणि स्पाइक्स. घड्याळ दोन्हीकडे हातातलं, म्हणजे अंगठ्याची घाई दोन्हीकडे धरायची. शिवाय वर्षभरात पोरगी चांगली हातभर उंच झालीय. तरी दोनेक सेकंदांचा हिशेब मला लागत नाही. माझा हिशेब लागत नाही म्हणून ती चोर, असं मला म्हणवत नाही.

खरी गोची पुढे आहे. मी सहज विचारलं, खातेस काय? तर बॅगेतून पांढरा प्लास्टिकचा डबा काढून दाखवला. लेबल नाही. झाकणावर मार्करने 'स्टॅमिना' लिहिलेलं. "अकॅडमीतले सर देतात, दुधातून घ्यायची." इतक्या सरळपणे दाखवला की लपवण्यासारखं काही असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

विभागीय तीन आठवड्यांवर आलीय. दहावीचे क्रीडा गुण त्यावर आहेत, आणि पुढे नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाची स्वप्नं घरच्यांनी आत्ताच रंगवलीत. गप्प बसलो तर पोरीच्या पोटात काय जातंय कोण जाणे. बोललो तर माझ्याच तोंडून तिच्यावर शिक्का बसायचा. कुणाला सांगू, कसं सांगू?

केमिस्टकाका: सर, पहिलं काम पावडर बंद. आजच. नाडाचं (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) 'नो युवर मेडिसिन' ॲप आहे, पण त्यावर औषधाचं नाव टाकावं लागतं, 'स्टॅमिना' टाकून काही निघणार नाही. आणि शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हा पुढचा प्रश्न. 2010 ला दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू एशियाडला आपल्या 4 बाय 400 रिलेने सुवर्ण जिंकलं होतं ना? त्यातल्याच काही मुली 2011 मध्ये डोपिंगमध्ये अडकल्या. त्यांचं म्हणणं, परदेशी कोचने दिलेल्या जिन्सेंगमधून आलं. इथल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली, क्रीडा लवादाने 2012 मध्ये ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक गेलं.

तिरकस_पाटील: एवढं भोळं राहू नका हो. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडावाले आल्याचं कळलं आणि 100 मीटरच्या फायनलला एकच गडी धावला. बाकीच्यांच्या मांड्या एकदमच आखडल्या म्हणे! स्वच्छतागृहात सिरिंजांचा खच. सहा सेकंद काय मुरमात पडलेले असतात का?

लेन_आठ: पाटील, त्या फायनलला जो एकटा धावला त्याच्याकडेही लोकांनी संशयानेच पाहिलं असेल. अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचं आठवा. 100 मीटरचे 1988 चे 10.49 सेकंद अजून कुणी मोडलेले नाहीत, लोक अजून कुजबुजतात, टेस्ट मात्र एकही पॉझिटिव्ह नाही. त्या दिवशी तिच्या शर्यतीत वारा मोजणारं यंत्र शून्य दाखवत होतं (पाठीवर वारा असला की वेळ कमी लागते) आणि शेजारी तिहेरी उडीला जोरदार वारा नोंदला जात होता. म्हणजे संशय घ्यायचाच तर आधी यंत्रावर घ्यावा.

आणि धागाकर्ते स्टॉपवॉच सर, मी राष्ट्रीय स्तरावर धावलोय, दोनदा लघवीचं सँपल दिलंय. टेस्ट करणं हे पंचाचं काम नाही. किट आपण निवडायचं, बाटल्यांत आपणच ओतायचं, ए आणि बी सील करायच्या, मुलगी अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस असतं. तुम्ही नाडाला गोपनीय माहिती द्या. लिहिताना मुलीचं टायमिंग पुरावा म्हणून घालू नका. डबा, झाकणावरची अक्षरं, तारीख, कोणी दिला, एवढंच लिहा. इतक्या लहान खेळाडूच्या प्रकरणात देणाऱ्याची चौकशी करावीच लागते, आणि नियम तिच्या वयाचा विचार करतात.

स्टॉपवॉच (धागाकर्ता): आभार. काल तिच्या आईला भेटलो. अंगणवाडीत असतात. आधी भडकल्या, मग डबा आतून आणून माझ्यापुढे आपटला. म्हटलं, फेकू नका, पिशवीत बांधून तारीख टाकून ठेवा. मेल लिहायला घेतलाय, तीनदा खोडला. दुसऱ्या नंबरवाल्या मुलीच्या वडिलांचे फोन मात्र सुरूच आहेत. त्यांना काय सांगू?

लेन_आठ: 2000 च्या सिडनी ऑलिंपिकचं सांगा. अमेरिकेच्या मॅरियन जोन्सने 2007 मध्ये उत्तेजकं घेतल्याची कबुली दिल्यावर 100 मीटरचं सुवर्ण काढून घेतलं, पण दुसऱ्या आलेल्या ग्रीसच्या थानूला ते दिलं नाही, कारण 2004 ला अथेन्समध्ये तिनेच टेस्ट चुकवली होती. त्या गृहस्थांना एवढंच विचारा, तुमची पोरगी कुठल्या अकॅडमीत जाते?

स्टॉपवॉच: त्याच.