आटपाडीकडच्या उन्हात काँक्रीटच्या पायऱ्या फुटल्यात : फोडाव्यात की वरून काही करावं?

दिघंचीची_वहिनी

नमस्कार. आमचं घर आटपाडी तालुक्यात, दिघंचीच्या बाजूला मुरमाड माळावर आहे. समोर पाच पायऱ्या, पाच फूट रुंद, काँक्रीटच्या. घर बांधलं त्याच उन्हाळ्यात ओतलेल्या. आधी वरून बारीक जाळं दिसायला लागलं. आता तिसऱ्या पायरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेलीय, कडा ढासळल्यात, आणि वरची पायरी ओट्यापासून सुटून मध्ये बोटभर फट पडलीय. तिथून मुंग्यांचा रस्ता सुरू असतो. खालच्या पायरीच्या अंगाला पांढरं काहीतरी फुलून येतं. झाडलं की जातं, आठवड्यात परत हजर.

सासूबाई अनवाणीच वावरतात. शेवटच्या पायरीवरून ओट्यावर पाय टाकताना हमखास ठेचकाळतात.

गावातला गवंडी म्हणतो दोन इंच चढवून ग्रॅनाइट बसवू, चार दिवसांत मोकळं. दुसरा म्हणतो सगळं फोडा. मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात कोइमतूरला, फोनवर एकच उत्तर, "तुला पटेल ते कर." मार्च संपत आलाय, मेमध्ये धाकट्या दिराचं लग्न आहे. बोअरचं पाणी मचूळ आहे, ते चालेल का तेही सांगा.

सांगलीचा_फरशीवाला

ग्रॅनाइट लावून टाका ताई. लग्नाच्या फोटोत पण उठून दिसेल. फ्लेम फिनिश (आगीनं खरखरीत केलेला) घ्या म्हणजे पाय घसरणार नाही.

माळावरचा_फोरमन

ताई, ग्रॅनाइट तूर्त डोक्यातून काढा. घरातली साधी हातोडी घ्या आणि एकेक पायरी वाजवत वर जा. खणखणीत वाजली तर माल धरून आहे. भदभद आवाज आला तर वरचा थर सुटलाय, नाहीतर खाली पोकळी झालीय. मग तिसऱ्या पायरीच्या भेगेत एटीएम कार्ड घालून बघा. कार्ड आत जात असेल आणि भेगेवरून बोट फिरवताना एक बाजू खाली लागत असेल, तर पायरी नुसती तडकलेली नाही, खचलेली आहे. खचलेल्या पायरीवर काहीही चिकटवा, भेग त्याच जागी वर येणार.

मी खानापूर तालुक्यातला, विट्याच्या अलीकडचा. अल ऐनला बंगल्यांच्या कामावर फोरमन होतो, आता इकडेच कामं घेतो. अल ऐन म्हणजे अबू धाबीच्या आतलं, समुद्रापासून लांब, खरं वाळवंट. तिथं उन्हाळ्यात दुपारी माल ओततच नाहीत. गाड्या रात्री नाहीतर पहाटे येतात. प्लँटवर काही पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालतात. गाडी उभी राहिली की पहिला थर्मामीटर मालात जातो, ३२ अंशांच्या वर काटा दिसला की बहुतेक इंजिनिअर गाडी परत लावतो. आणि १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर माणूस कामाला लावायला सरकारचीच बंदी.

आपल्याकडे? एप्रिलच्या दुपारी दोन वाजता उन्हात तापलेली खडी, गच्चीवरच्या टाकीतलं कडकडीत पाणी, आणि मिक्सर भाड्याचा म्हणून घाई. माल घट्ट झाला की बिगारी विचारत नाही, बादली उपडी करतो. त्यावर गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरून थापीनं असं घोटतो की तोंड दिसावं. मालकीण खूश. त्या गुळगुळीत पापुद्र्यालाच जाळं पडतं आणि तोच पुढं सोलून निघतो.

माणदेश वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्याकडे दुष्काळ म्हणतो तरी त्याहून बरा पडतो. पण चाळीस अंश, कोरडा वारा आणि सावली नाही, एवढं जमलं की ओल्या मालाला गाव कुठलं ते कळत नाही. आतलं पाणी वर यायच्या आत वरचं उडून जातं, वरची कातडी आकसते, खालचा माल तसाच. भेगा पहिल्या दोन-तीन तासांतच पडलेल्या असतात, धूळ भरली की नजरेला येतात.

आता मला तीन गोष्टी कळवा. प्रत्येक पायरीची उंची टेपनं मोजून. ओटा धुतल्यावर पाणी कुठं जातं. आणि भेगेतून कुठं तांबूस ओघळ आलाय का, म्हणजे आतली सळई गंजलीय का ते कळेल.

दिघंचीची_वहिनी

दादा, वाजवून बघितलं. खालच्या दोन पायऱ्या भदभद वाजतात, वरच्या दोन ठीक. तिसरीत कार्ड अर्धं आत गेलं आणि पुढची बाजू खाली लागते. उंची सगळ्यांची सहा इंच, पण शेवटच्या पायरीवरून ओट्यावर आठ इंच! ओट्यावर नंतर फरशी बसवली होती. ओटा धुतला की पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून पायऱ्यांच्या डाव्या अंगालाच पडतं. तांबूस ओघळ नाही, आत सळई आहे की नाही तेच माहीत नाही. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) फिल्टरवाल्यानं मोजला होता, १८०० निघाला.

माळावरचा_फोरमन

झालं तर. फोडा.

तो पाइप हाच गुन्हेगार. ओट्याचा भराव करताना पायऱ्यांखाली सैल मुरूम आणि विटांचे तुकडे ढकललेले असणार, धुम्मस मारून कुणी घट्ट केलेलं नसणार. त्यात रोजचं पाणी मुरलं, भराव बसला, पायऱ्या पुढं कलल्या, म्हणून वर बोटभर फट. पांढरं फुलतं ते क्षार. जमिनीतलं आणि मालातलं खारट पाणी वर चढतं, पाणी उडतं, मीठ मागं राहतं. आखातात हा त्रास फार, म्हणून मातीत गाडलं जाणारं काँक्रीट डांबराच्या काळ्या लेपानं माखतात आणि खाली प्लास्टिक अंथरतात.

आणि सासूबाईंचं ठेचकाळणं. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची पाठ करतो, मग माणूस खाली बघत नाही. सहा, सहा, सहा आणि एकदम आठ, म्हणजे अंगठा लागणारच. तुमच्या गवंड्यानं दोन इंच चढवले असते तर शेवटची उंची सहा झाली असती, पण पहिली आठ. अडखळायची जागा वरून उचलून खाली ठेवली एवढंच. तुमची एकूण उंची अडतीस इंच. त्याचे सहा समान भाग करा, म्हणजे सहा इंच पावणेतीन सूत (आठ सुतांचा एक इंच). पाय ठेवायला बारा इंच. फळ्या लावायच्या आधी गवंड्याला हा हिशोब भिंतीवर पेन्सिलनं मारायला लावा, तयार फरशीपासून तयार अंगणापर्यंत.

पुढचं काम असं. पहिल्या पायरीखाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा, तुमच्या माळावर फूट-दीड फुटात लागेल. भराव सहा-सहा इंचांचे थर टाकून, भिजवून, धुम्मस मारून. वर दगडाचं सोलिंग (हातानं रचलेला दगडांचा थर), त्यावर जाड काळा प्लास्टिक कागद. आठ एमएमच्या सळईची जाळी सहा इंचांवर, आणि ती कागदावर लोळायला नको, खाली कव्हर ब्लॉक (सिमेंटचे छोटे ठोकळे) लावून उचललेली पाहिजे. ओटा आणि पायरी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी घाला. पायऱ्या उन्हानं फुगतात-आकसतात, त्यांना जोत्याला चिकटवलं की जिथं कमजोर तिथं तडकतात. नंतर वरचा इंचभर थर्माकोल कोरून तिथं सीलंट भरा, म्हणजे पाणी आणि मुंग्या दोन्ही बंद. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार. पाऊस कमी म्हणून उतार नको असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आपल्याकडे पडतो तेव्हा तासाभरात बदाबदा पडतो.

माल एकास दीड आणि तीन (सिमेंट, वाळू, खडी), पोत्याला पाणी जास्तीत जास्त तीस लिटर. टीडीएसच्या आकड्यावरून मिठाचा नेमका अंदाज येत नाही. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळई असलेल्या कामाच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रॅमच्या आत पाहिजे, ते प्रयोगशाळेतच कळतं. पण तुम्हाला पाच-सहा पोती सिमेंट लागेल, म्हणजे कालवायला दोनशे लिटरच्या आत पाणी. एवढं गोडं पाणी कुठूनही आणा, बोअरच्या नादी लागू नका.

मिरजेचा_ओव्हरसियर

फोरमनसाहेब, मुरमावर ठीक. पण हे वाचून कुणी कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पायऱ्या अशा सुट्ट्या ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत वाकड्या होतील. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी फाटते. नोकरीत असताना मी घराच्या पायऱ्या उचललेल्या पाहिल्यात, खचलेल्या नव्हे, उचललेल्या.

माळावरचा_फोरमन

साहेब, शंभर टक्के बरोबर. काळ्या रानात एकतर ती माती काढून मुरूम भरायचा, नाहीतर पायऱ्यांचा स्लॅब जोत्याच्या बीमलाच बांधून घ्यायचा, आणि ते इंजिनिअरकडून काढून घ्यावं. मी दिघंचीच्या माळाबद्दल बोलतोय.

गलाईवाला_बिकानेर

वहिनी, मी खरसुंडीचा, दुकान बिकानेरला. इकडं जुन्या घरांना पायऱ्या ओततच नाहीत. दोन बाजूंना दगडी भिंती उभ्या करतात आणि वर दगडाच्या जाड पट्ट्या आडव्या टाकतात. एक फुटली तर तेवढीच बदलायची. जोधपूरकडचा दगड फिका असतो, दुपारी काळ्या ग्रॅनाइटएवढा भाजत नाही. आपल्याकडे असं का करत नाहीत?

माळावरचा_फोरमन

करत होते की. जुन्या वाड्यांच्या पायऱ्या बघा, घडीव काळा दगड, अजून हाललेला नाही. आता तसा दगड घडवणारा पाथरवट मिळायला हवा आणि पट्टी उचलायला चार गडी. दिराच्या लग्नाआधी जमायचं नाही. काळा दगडही तापतोच, पण पॉलिश ग्रॅनाइटसारखा ओला झाल्यावर घसरत नाही. बाकी साध्या काँक्रीटचा राखाडी रंग अनवाणी पायाला दोन्हींपेक्षा बरा.

दिघंचीची_वहिनी

फोडायचं ठरलं, मालकांनाही कळवलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गवंडी मोकळा आहे. ऊन तर तेव्हाही असणार. आणि ओतल्यावर किती दिवसांनी वापरायच्या?

माळावरचा_फोरमन

दिवाळीनंतर थंडीत केलं असतं तर निम्मी कटकट वाचली असती, पण लग्न थांबत नाही. मग असं करा.

खडी आदल्या दिवसापासून सावलीत ठेवा आणि पाणी मारून गार करा. कालवायचं पाणी पिंपात भरून गोठ्यात ठेवा, आणि आटपाडीहून बर्फाची लादी आणून त्यात सोडा. बर्फाचं पाणीही त्या तीस लिटरच्या हिशोबातच धरा. ओतायला सुरुवात ऊन कलल्यावर, पाचच्या पुढं. फळ्या भिजवून घ्या. वारा ज्या बाजूनं येतो तिथं शेडनेट उभी करा. डाळिंबावर टाकायचं पांढरं कापड घरात असेलच, ते सावलीला चालेल, पण ओल धरायला उपयोगाचं नाही, त्यातून वारा आरपार जातो. वरून घोटायचं नाही, कोरडं सिमेंट नाही. लाकडी रंध्यानं सारखं करून, पाणी जिरलं की खराट्यानं आडव्या रेघा. कडा गोल मारा, धारदार कडाच आधी ढासळतात. लगेच वर प्लास्टिक, कडांना विटा ठेवून, वाऱ्यानं उडायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्या फळ्या सोडवा, गोणपाट भिजवून सगळीकडे, पायरीच्या उभ्या अंगालासुद्धा लपेटा, आणि वर परत प्लास्टिक. आयएसमध्ये उष्ण कोरड्या हवेत कमीत कमी दहा दिवस सांगितलेत, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर चौदा धरा. सकाळ-संध्याकाळ पाइपनं फवारा मारून जायचं याला पाणी मारणं म्हणत नाहीत, मधल्या वेळात ते तव्यागत कोरडं होतं. गोणपाट हाताला सतत ओलं लागलं पाहिजे. दुपारी बाराला तापलेल्या पायरीवर गार पाणी मात्र ओतू नका.

दोन दिवस मागच्या दारानं जा-ये करा. नंतर घरचं माणूस हलक्या पायानं चढलं तर हरकत नाही. चौदा दिवसांनी वऱ्हाड चढवा. आणि तो पाइप आधी फिरवून परसात सोडा, नाहीतर हे सगळं परत लिहावं लागेल.

दिघंचीची_वहिनी

पाइप आजच फिरवून घेते. मंडपवाला विचारतोय पायऱ्यांच्या कडेला खांब उभे करू का?

माळावरचा_फोरमन

कडेला जमिनीत खुशाल करू द्या, पायरीपासून दोन फूट लांब. पायरीत भोक पाडू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.